तळं झाकलं गेलं तो हिवाळा

परवा पाटोद्याला जात होते. एस.टी.च्या खिडकीतून रस्त्याकडेचं एक डबकं दिसलं, आणि त्यात जांभळी फुलं. उभ्या दांड्यावर झुंबरासारखी लगडलेली, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा असलेली. माझ्या पुढच्या बाकावर नवं लग्न झालेलं जोडपं होतं. बायकोनं घाईघाईनं मोबाइल काढला, गाडी हलायच्या आत फोटो घेतला आणि नवऱ्याला दाखवत राहिली. फुलं सुंदर होतीच. माझ्या मात्र अंगावर काटा आला. भीतीचा म्हणावा तर तेवढाच नाही. एखाद्या फार मोठ्या माणसाला आपण एकदा जवळून पाहिलेलं असतं, त्याचा राग आणि त्याचं रूप दोन्ही, आणि तो अचानक गर्दीत दिसावा, तसं काहीसं झालं.

जलपर्णी म्हणतात तिला. आम्ही तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्याकडं तिच्यासाठी शब्दच नव्हता.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला, माळरानाच्या कुशीत. दिवाळीचे दिवे विझले की इथं ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन लागतात. पेट्या, भांडी, कोंबड्या, शेळ्या, झोळीतली लेकरं, सगळं वर चढतं आणि गाव ऊसतोडीला निघून जातं, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतं. मधले महिने गाव म्हणजे कुलपं. मागं उरतात म्हातारी माणसं, थोडी शाळेतली पोरं, आणि आमच्यासारखे दुकानदार. त्यातही आमचे हे तर टेंपोत किराणा भरून कारखान्याच्या बाजूला, मजुरांच्या अड्ड्यावर जायचे. घरी मी आणि माझे सासरे, मल्लिकार्जुनअप्पा. दिवसभर दुकानात आठ-दहा गिऱ्हाइकं आली तरी खूप. पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला की त्याचा आवाज गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत एकटाच चालत जायचा.

त्या रिकाम्या महिन्यांत आम्हाला सोबत असायची ती तळ्याची. जुन्या दुष्काळात लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून मातीची भिंत घातली, तिच्यामागं साठलेलं हे पाणी. एका अंगाला महादेवाचं देऊळ, देवळापासून पाण्यात उतरलेल्या दगडी पायऱ्या. मी चकलांब्याची, गोदावरीच्या बाजूची, त्यामुळं लग्न होऊन आले तेव्हा मला या तळ्याचं काही वाटलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात वाटायला लागलं. गाव गेलं की पाणी बोलायला लागतं. कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे चांदवे पक्षी मधोमध पोहत असायचे. टिबुकली दिसता दिसता बुडी मारायची आणि भलतीकडंच वर यायची. कमळपक्षी लांबलचक बोटं पसरून पानांवरून असा चालायचा की पान ओलं व्हायचं नाही. सकाळी पाण्यावर वाफ असायची आणि त्या वाफेत हे सगळे आवाज, कोण कुठं आहे ते न दिसता.

अप्पा दर सोमवारी तिथं जायचे. अंघोळ करून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून, खांद्यावरच्या पंच्यात मुरमुरे बांधून. आम्ही लिंगायत वाणी. घरात मासळी कधी शिरली नाही, शिरणारही नाही. पण अप्पांना तळ्यातले मासे चेहऱ्यानं ओळखू यायचे. ते पायरीवर बसून पंचा सोडायचे आणि समोरचं पाणी एकदम तोंडांनी भरून जायचं. गोल, उघडमीट करणारी तोंडं. त्यांचा चुपचुप आवाज. अप्पा देवळात जेवढा वेळ डोळे मिटून बसत त्याहून जास्त वेळ तिथं डोळे उघडे ठेवून बसत.

जलपर्णी आली त्या वर्षी परतीचा पाऊस दणकून झाला. वरच्या अंगाच्या ओढ्याला पूर आला आणि पुरातून हिरवे झुबके तरंगत तळ्यात आले. मूठभर असतील. देठाच्या बुडाशी फुगा, दाबला की फट्‌ वाजणारा. गावातली पोरं दिवसभर तेच फोडत बसली. दसऱ्याच्या आसपास फुलं आली आणि शेजारच्या सोजरबाईनं त्यातला एक झुबका देवळात पिंडीवर वाहिला. सोजरबाई साठीची बाई. दोन्ही पोरं आणि सुना ऊसतोडीला जायच्या. तिचे गुडघे गेलेले, म्हणून ती आणि तिची म्हैस मागं राहायची. म्हैस त्याच पावसाळ्यात व्यायलेली, तिची काळी कुळकुळीत वगार सोजरबाईच्या पायांत पायांत करायची. सोजरबाईनं ती हिरवी पानं वैरण म्हणून म्हशीपुढं टाकून पाहिली. म्हशीनं हुंगली आणि मान फिरवली.

दिवाळीपर्यंत ओढ्याच्या तोंडाशी हिरवा कोपरा झाला होता. गाव ट्रकात बसून गेलं ते तो कोपरा बघून गेलं. त्यानंतरचं फक्त आम्ही पाहिलं.

आजही मला ते नीट सांगता येत नाही. झाड वाढतं म्हणजे आपण काय पाहतो? काल नव्हतं ते पान आज दिसतं, एवढंच. इथं वाढ डोळ्यांना दिसायची. सकाळी घाटावरून जो दगड नेम धरून पाहिला, तो दोन-चार दिवसांत दिसेनासा व्हायचा. एक झाड बाजूला हात काढायचं, त्या हाताच्या टोकाला पिल्लू, पिल्लाला पुन्हा हात. आणि वारा सुटला की सगळं शेतच्या शेत हलायचं. मार्गशीर्षातली एक दुपार मला आठवते. मी कपडे पिळत होते. समोर मोकळं पाणी होतं. वाऱ्याची दिशा बदलली आणि पलीकडच्या काठाला लागलेलं ते हिरवं रान सुटलं. आवाज न करता, फुलांसकट, वर बसलेल्या बगळ्यांसकट आमच्याकडं यायला लागलं. मी बादली तिथंच ठेवून पायऱ्या चढून वर आले. बगळे हलले नाहीत. जमीन चालत यावी तसं ते आलं आणि माझ्या खालच्या पायरीला टेकून थांबलं.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, देवानं हिला भूक फार दिलीय.

आता इतक्या वर्षांनी वाचून, विचारून कळलंय की ती लांबच्या मुलखातली आहे, समुद्रापलीकडची. तिला खाणारे किडे तिकडंच राहिले. इथं तिला कोणी टोकत नाही, की अडवत नाही. आणि पाण्यात आमच्या शेतांतलं वाहून आलेलं खत, वरच्या वस्त्यांचं सांडपाणी, म्हणजे तिच्यापुढं ताट वाढूनच ठेवलेलं. मला तिचा राग येत नाही तो यामुळं. ती जगते, बस. इतक्या जोरानं जगणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

पौषात रानाला हलायलाही जागा उरली नाही. तळं काठोकाठ झाकलं गेलं. कमळपक्षी आधी खूश होता, त्याला चालायला अंगण मिळालं होतं. टिबुकल्या मात्र एक दिवस दिसल्या नाहीत त्या नाहीतच. बुडी मारायला पाणी कुठं होतं? चांदव्यांचा थवा वरून घिरट्या घालून निघून गेला. उरलं फक्त घाटापुढचं अंगणाएवढं मोकळं पाणी, आणि तळ्यातले सगळे मासे तिथं येऊन थांबले. अप्पांना मुरमुरे टाकायची गरज उरली नाही. मासे तसेच वर तोंड करून उभे असायचे, हवेसाठी.

मग ते पाणी हिरवं झालं. शेवाळाचा हिरवा रंग आम्हाला माहीत होता, बोटाला बुळबुळीत लागणारा. हा तसा नव्हता. रंगाचा डबा सांडावा तसं. वर साय धरलेली, कडेला निळसर, आणि कुजट, मातकट वास. हातात घेतलं तर कण कण दिसायचे, बारीक रव्यासारखे. दुपारच्या उन्हात ते इतकं चकाकायचं की डोळा ठरायचा नाही.

सोजरबाईची वगार तिथंच पाणी प्यायली. सकाळी प्यायली आणि दुपारपर्यंत तिचे पाय लटपटायला लागले. मी दुकानातून पळत गेले तेव्हा ती गोठ्याच्या दारात आडवी होती, तोंडाला फेस, आणि म्हैस दाव्याला हिसके देत होती. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. त्यांनी तळं पाहिलं, बाटलीत पाणी भरून घेतलं आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. हे शेवाळच आहे, पण वेगळ्या जातीचं, ते विष सोडतं आणि ते थेट काळजाखालच्या यकृतावर जातं. जनावराला पाजू नका, भांडी धुऊ नका, आणि उकळून प्यायलं तर चालेल असं समजू नका, उकळून हे जात नाही. भिंतीखालच्या विहिरीचं पाणीही बंद करा. ग्रामपंचायतीनं दोनच दिवसांत टँकर मागवला.

सोजरबाई रडली नाही. वगारीच्या अंगावर पोतं टाकलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"तिला काय ठावं, गौरा," ती म्हणाली. "पाणी हाय म्हणून पेली. पाण्याला कोण कावून भिईल?"



त्याच आठवड्यात मासे गेले. पहाटे उजाडता उजाडता अप्पा देवळाकडं गेले आणि लगेच परत आले. मला म्हणाले, चल. मी तशीच पदर खोचून गेले. तांबडं फुटत होतं. पायऱ्यांखाली पांढरं पांढरं दिसत होतं, मला वाटलं फेस आहे. ते पोटं होती. मोठे, लहान, आम्हाला ओळखू येणारे, न येणारे. काहींची तोंडं अजून उघडत होती. एक चांदवा, थव्यामागं राहिलेला, काठाला मान टाकून पडला होता. आश्चर्य म्हणजे काही मासे जिवंत होते. मरळ होते ते, सापासारख्या डोक्याचे. ते वर यायचे, आपल्यासारखी हवेची गुळणी घ्यायचे आणि मेलेल्यांच्या मधून खाली जायचे. त्यांना पाण्याबाहेरची हवा घेता येते हे मी नंतर ऐकलं. त्या पहाटे मला ते फक्त अचाट वाटलं. एवढ्या मरणात कोणीतरी श्वास घेत होतं.

अप्पांनी पंचा डोक्याला गुंडाळला आणि पायरीवर बसून राहिले. मी त्यांना उठवलं नाही.

दुपारी पारावर गावात उरलेली माणसं जमली. डॉक्टर पुन्हा आले होते. त्यांनी समजावलं की वरचं रान काढल्याशिवाय पाण्याला हवा नाही, ऊन नाही. शिवाय झाडानं जे खत पिऊन घेतलंय ते झाड कुजलं की पुन्हा पाण्यात, आणि त्यावर पुन्हा तेच हिरवं विष. झाड बाहेर काढलं तर खतही बाहेर. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पारावर बसलेल्यांत धडधाकट माणूस एकही नव्हता. कोणाला दमा, कोणाचा डोळा गेलेला. शेवटी ठरलं की गाव येऊ द्यावं, पोरं आली की काढतील.

तेवढ्यात अप्पा उठून उभे राहिले. ते म्हणाले, "गाव येतंय पाडव्याला. तवर थांबता का म्हणून माशांना कुणीतरी इचारून या."



दुसऱ्या दिवशी दुकान मी उघडलंच नाही, कारण अप्पा दाताळं घेऊन तळ्याकडं निघाले होते. ज्या माणसानं जन्मभर तराजूशिवाय काही उचललं नाही, तो गुडघ्यापर्यंत गमबूट चढवून, हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून चिखलात उभा राहिला. घाटाच्या विषारी पाण्यात कोणी जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून आम्ही पलीकडून, भिंतीच्या बाजूनं सुरुवात केली. एक झाड ओढलं की त्याच्यामागं दहा यायची. एकमेकांत हात गुंफलेली. आणि वजन तर असं, जणू तळं दुसऱ्या टोकाला धरून बसलंय. दुपारपर्यंत आमचा ढीग मांजर झाकेल एवढा झाला. मी रान बघितलं आणि ढीग बघितला, आणि खाली बसले.

तेव्हा सोजरबाई आली. म्हैस घेऊन.

म्हशीला कामाला कोणी जुंपत नाही. पण गावातले सगळे बैल कारखान्याला गेलेले होते आणि ही म्हैस वगार गेल्यापासून दूध चोरून, दावं ओढून ओढून दिवस काढत होती. सोजरबाईनं तिच्या खांद्याला पोत्याची गादी बांधली, गादीला सोल, म्हणजे जाड दोर, अडकवला आणि सोलाच्या टोकाला बाभळीची काटेरी फांदी. ती फांदी मी रानावर लांब फेकायची, काटे मुळांत रुतायचे आणि सोजरबाई म्हशीच्या कानात काहीतरी बोलायची. म्हैस मान खाली घालून भिंतीवर चढायची. तिच्यामागं फाटत, चरचरत, पाणी निथळत तळ्याचं कातडं सोलून यायचं. एक एक सतरंजीएवढा तुकडा. आम्ही तिघं आणि ती. दुसऱ्या दिवसापासून पारावरची माणसंही येऊन बसली. दम्याचे म्हातारे ढीग सारायला लागले, डोळ्यांनी अधू असलेले सोल वळायला.

त्या मुळांविषयी सांगायलाच हवं. वरून पोपटी पान आणि खाली हातभर लांब, काळी-जांभळी, केसांसारखी मुळं. ती हातात घेतली तर हलायची. मी पहिल्यांदा दचकून टाकूनच दिली. त्यांत झिंगे होते, काचेसारखे आरपार. शंखातल्या गोगलगायी, नखाएवढ्या. चतुर किड्याची बिनपंखी पिल्लं, बोटभर मासे. वरचं पाणी मेलं होतं आणि या काळ्या केसांत जीव लपून बसले होते. ज्यानं तळं गिळलं त्यानंच यांना पदराखाली घेतलेलं. मला तेव्हापासून कशालाही सरसकट वाईट म्हणणं जड जातं. अप्पांनी नियमच केला. प्रत्येक जुडी आधी भिंतीजवळच्या मोकळ्या झालेल्या पाण्यात खळखळून झटकायची, मगच वर टाकायची. त्यानं काम दुप्पट लांबलं. कोणी कुरकुरलं नाही.

माघ उतरत आला असेल. मोकळ्या पाण्याची पट्टी भिंतीपासून निम्म्या तळ्यापर्यंत गेली होती. म्हैस वर चढत होती आणि मध्येच थांबली. सोजरबाईनं दोनदा हाकारलं, तिनं सगळा जोर लावला, सोल ताणला गेला आणि मुळांचा एक मोठा गुंता काठावर आला. गुंता स्वतःहून हलला. आम्ही मागं सरकलो. अप्पांनी दाताळ्याच्या दांड्यानं मुळं बाजूला केली तर आत परातीहून मोठी पाठ. कवच म्हणावं तर कठीण नाही, ओल्या चामड्यासारखी, हिरवट, कडेनं मऊ. मग मान बाहेर आली, लांब, अजून लांब, आणि तिच्या टोकाला नळीसारखं नाक. त्या नाकानं हवा ओढल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

तळ्यात कासव आहे असं म्हातारी माणसं म्हणायची. मी ते गोष्टींत टाकून दिलं होतं.

अप्पा त्याच्यासमोर उकिडवे बसले. देवळात पिंडीपुढं दगडाचं कासव असतं, त्याला हात लावूनच आपण आत जातो. अप्पांचा हात आपोआप पुढं झाला आणि मध्येच थांबला.

"दगडाचं शिवत आलो आजवर," ते हळू म्हणाले. "हे श्वास घेतंय."

ते दमलं होतं. एका पायाला मुळांचा फास बसून जखम झालेली. घाटाकडचं पाणी अजून हिरवंच होतं, तिथं परत सोडायला कोणाचं मन होईना. शेवटी सोजरबाईनं घरून वाकळ आणली, वाकळीचे चार कोपरे चौघांनी धरले आणि त्याला देवळामागच्या बारवेत नेलं. बारव जुनी, दगडी, तिला जिवंत झरा. तळ्याचं पाणी तिच्यात येत नाही. शेवटच्या पायरीवर वाकळ खाली टेकवली. ते बराच वेळ तसंच राहिलं. मग एक पाय पुढं टाकला आणि काळ्या पाण्यात शिरलं.

दुसऱ्या दिवशी बातमी ऐकून वनखात्याची एक मुलगी मोटारसायकलवरून आली. वनरक्षक होती, नव्यानं नेमलेली. पायऱ्यांवर पालथं झोपून तिनं बारवेत पाहिलं आणि कासव वर येईपर्यंत उठली नाही. उठली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. मऊ पाठीचं कासव, कायद्यानं जपलेलं, आणि एवढं मोठं तिनं स्वतःही पाहिलेलं नव्हतं. वय सांगता येत नाही, पण तुमच्यातल्या कित्येकांहून थोरलं असेल, असं ती म्हणाली. वरिष्ठांना फोन करून तिनं ठरवलं की तळं निवळेपर्यंत याला इथंच राहू द्यावं. जाताना मला बाजूला घेऊन सांगून गेली की त्याला बिस्किटं घालू देऊ नका. तिनं अप्पांना बरोबर ओळखलं होतं.

तो उरलेला हिवाळा मला एखाद्या सणासारखा आठवतो. अंग मोडून यायचं, हाताला भेगा पडलेल्या, आणि तरी सकाळी जाग यायची ती उत्सुकतेनं. कामावर जाण्याआधी प्रत्येक जण बारवेवर थांबायचा. पाणी स्थिर असायचं. मग ते नळीसारखं नाक वर यायचं, एक श्वास, आणि खाली. एवढंच. त्या एका श्वासासाठी म्हातारी माणसं काठ्या टेकत यायची. ज्यांची कोणी फोनवर विचारपूस करत नव्हतं, ती लेकरांना फोन करून सांगायची, आज दिसलं.

पाडव्याच्या आधी ट्रक परतले. सोजरबाईची पोरं वेशीत उतरली आणि घरी न जाता भिंतीवरच गेली. भिंतीच्या कडेनं वाळून तपकिरी झालेल्या ढिगांची रांग होती, माणसाहून उंच. समोर अर्ध्याहून जास्त तळं उघडं. थोरल्यानं एका ढिगाला हात लावून पाहिला. मग आईला म्हणाला, "तू केलंस हे? गुडघे घेऊन?"

सोजरबाईनं म्हशीकडं बोट केलं.

गावानं उरलेलं रान पाडव्यापर्यंत काढलं. ऊस तोडून आलेले हात, त्यांना ते काहीच वाटलं नाही. हिरवी साय उन्हाळ्यात हळूहळू विरली, पाणी आटत आटत मधल्या खड्ड्यापुरतं राहिलं. वाळलेले ढीग कुजून काळं खत झालं, ते शेतांत गेलं. ज्या शेतांतून ते वाहून आलं होतं तिथंच बहुधा. भिंतीखालची विहीर तपासून पुन्हा सुरू व्हायला पावसाळा लागला. श्रावणात तळं भरलं आणि वनखात्याच्या त्या मुलीनं पाणी ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याच वाकळीतून कासवाला घाटावर आणलं. या वेळी ते थांबलं नाही. वाकळ ओली व्हायच्या आत गेलं. अप्पा कितीतरी वेळ त्या जागी पाहत बसले.

ती मुलगी जाताना एक वाईट बातमीही सांगून गेली होती. फुलांतून पडलेलं बी गाळात बसलेलं आहे आणि ते वर्षानुवर्षं वाट बघू शकतं. तसंच झालं, होतं आहे. पाण्याच्या कडेला बोटभर रोपं येतात. एक रोप तळहातावर घेतलं की मला अजून कौतुकच वाटतं, एवढ्याशा फुग्यात अख्खं तळं दडलेलं. मग मी ते पिशवीत टाकते. आता गावानं रीत पाडली आहे. दिवाळीनंतर, ट्रक यायच्या आदल्या दुपारी सगळं गाव पाण्यात उतरतं. बायका, पोरं, म्हातारे, कंबरेएवढ्या पाण्यात रांगेनं चालत रोपं उपटत जातात. निघायच्या घाईत ही एक दुपार कोणी चुकवत नाही.

पहिल्या वर्षीची ती दुपार संपली आणि दुसऱ्या दिवशी गाव गेलं. शेवटचा ट्रॅक्टर खिंडीत वळेपर्यंत सोजरबाई भिंतीवर उभी होती. धाकट्याचं लेकरू झोळीतून तिच्याकडं बघत गेलं होतं. अप्पा आणि मी तिच्याजवळ होतो. उन्हं तिरपी झालेली. तळं उघडं, निळं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत कुठंही पान नाही.

आधी आवाज आला. वरून, फार उंचावरून, पाव्यासारखा, एकमेकांना दिलेली उत्तरं असावीत तसा. मग उत्तरेकडून एक वाकडी रेघ दिसली. रेघ मोठी झाली, तिचे पक्षी झाले. राखाडी, बदकांहून थोराड, मान पुढं ताणलेले. असे पक्षी आमच्या तळ्यावर कोणी पाहिले नव्हते. त्यांना पट्टकादंब म्हणतात आणि ते हिमालय ओलांडून येतात, हे त्या वनरक्षक मुलीकडून पुढं कळलं. तेव्हा आम्हाला त्यांच्याविषयी काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तळ्यावर एक फेरी मारली, अगदी आमच्या डोक्यावरून, इतक्या खालून की पंखांचा वारा कानाला लागला. फेरी पुरी करून सगळे एकदम पंख आवरून, पाय पुढं करून उतरले. पाण्यावर लांब लांब पांढऱ्या रेघा उठल्या आणि मिटल्या.

अप्पांनी टोपी काढून हातात धरली होती.

सोजरबाई बघतच राहिली. मग माझा हात धरून, आवाज न वाढवता म्हणाली, "गौरा, एवढ्या लांबनं त्यास्नी आपलं पाणी दिसलं बघ."